शेजाऱ्याला १८० फुटांवर पाणी, मला ५४० फुटांवर धूळ: असं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल. पारनेर तालुक्यात सहा एकर. ५२ फुटी जुनी विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते. दोन बोअर घेतले, एक ३२० फुटांचा, दुसरा ५४० फुटांचा, दोन्ही फेल. बांधापलीकडच्या शेजाऱ्याला मात्र १८० फुटांवर अडीच इंची पाणी. पाणाड्याने नारळ फिरवून एक जागा दाखवली, मशीनवाल्याने दुसरी, आणि बोअरची गाडीवाला म्हणतो की आता थांबू नका, ९०० फूट घ्या, खाली मोठा झरा आहे. तुम्ही विचारलंय, जाऊ का ९००? दगड तोच, पाऊस तोच, मग पाणी माझ्याच नशिबात का नाही?

९०० फूट जाऊ नका. निदान मी खाली सांगतोय ती चार-पाच साधी मापं घेतल्याशिवाय तरी नाही. मी तुमचं शेत पाहिलेलं नाही, त्यामुळे नेमकी जागा इथून सांगणार नाही, आणि न बघता सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. पण तीस वर्षं विहिरी-बोअर बघण्यात गेली. ‘किती खोल जाऊ’ हा प्रश्न रोज यायचा. खरा प्रश्न वेगळा असतो: माझ्या शेताखालच्या कोणत्या थरात पाणी साठतं, तो थर किती जाड आहे, आणि त्यातून आणखी कोण कोण उपसतंय?

दगड तोच आहे असं तुम्ही म्हणता, तिथूनच सुरुवात करू, कारण दगड तोच नसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. तो एकदाच आला नाही. एक थर पसरला, थंड झाला, मध्ये बराच काळ गेला, त्यावर दुसरा आला, असं होत राहिलं. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा खडक आहे आणि महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग त्याने व्यापलाय. सह्याद्रीकडे पाहिलं की डोंगराच्या पायऱ्या दिसतात ना, उभा कडा, मग सपाट पट्टी, परत कडा? ते हेच थर. तुमच्या शेताखालीही तोच जिना पुरलेला आहे.

प्रत्येक थराची अंगरचना साधारण सारखी असते. मधला भाग सावकाश थंड झालेला, घट्ट, काळा पाषाण. त्यात भेगा नसतील तर थेंबभरही पाणी मुरत नाही. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे भोकं पडलेला. त्या भोकांत पुढे पांढरी, हिरवट खनिजं भरली. विहीर खणताना सापडणाऱ्या चकचकीत गारगोट्या त्यातल्याच, आणि जगभरच्या संग्रहालयांत त्या मांडलेल्या असतात. आपल्याकडे या खडकाला मांजऱ्या म्हणतात. तो झिजला, फुटला की पाणी धरतो. आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल मातीचा पट्टा असतो, ज्याला बोअरवाले गेरू म्हणतात. पुढचा लाव्हा येईपर्यंत जी माती तयार झाली, ती वरच्या उष्णतेने भाजली, तो हा पट्टा. पाणी याच्यावर अडतं, आणि ओला झाला की हाच थर फुगून बोअर बुजवतो. ५४० फुटांच्या बोअरमध्ये मोटर टाकायची वेळच आली नाही तुमच्यावर, नाहीतर गेरूने अडकवलेल्या मोटरी काढण्यात गेलेले लोकांचे पैसे मी पाहिलेत.

तुमच्याच तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पर्यटक म्हणून गेला असाल, आता पाणी शोधणारा म्हणून जा. भोवऱ्यात गोटे फिरवून फिरवून नदीने पाषाणाला रांजण पाडले. पात्रातून हजारो वर्षं पाणी वाहिलं, दगड वरून कोरला गेला, पण त्याच्या पोटात पाणी शिरलं नाही. उन्हाळ्यात त्याच रांजणांत पाणी साचून राहतं ते म्हणूनच. गडांवरच्या टाक्यांचंही तेच. हजारभर मीटर उंचीवर एप्रिलमध्ये गार पाणी मिळतं, कारण कोरणाऱ्यांनी खालचा घट्ट थर हेरला आणि शक्य तिथे वरच्या थराचा पाझर टाक्यात घेतला. त्यांच्याकडे मशीन नव्हतं. त्यांनी कडा वाचला.

आता शेजाऱ्याचं कोडं. थर जवळपास आडवे असतात, त्यामुळे खोली आपापल्या जमिनीपासून मोजली की गोंधळ होतो. त्याचं शेत तुमच्यापेक्षा तीस फूट खाली असेल, तर त्याचे १८० म्हणजे तुमचे २१०. आधी ही पातळी तपासा. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात, तशी टप्प्याटप्प्याने काढली तरी चालेल. समजा तुमच्या ३२० फुटांच्या बोअरने तो २१० फुटांचा थर ओलांडला आणि तरी धूळच आली, तर निष्कर्ष असा की त्याला थराचं पाणी लागलेलं नाही, भेगेचं लागलंय. उभी किंवा तिरपी भेग हातभर रुंदीचीही नसते. त्याचं साडेसहा इंची भोक नेमकं तिच्यावर पडलं, तुमचं दहा फुटांनी हुकलं. यात नशिबाचा भाग आहे हे मी नाकारत नाही. मीही हुकलोय. एका गावात सगळी लक्षणं चांगली बघून मी २५० फुटांची जागा दिली, कोरडी गेली. नंतर पलीकडच्या ओढ्यात काळ्या दगडाची भिंतीसारखी उभी पट्टी दिसली. लाव्हा जिथून वर चढला ती भेग घट्ट भरून गेली की अशी भिंत तयार होते, आम्ही तिला डाइक म्हणतो. पाणी भिंतीच्या वरच्या अंगाला अडलेलं, आणि मी जागा दिलेली खालच्या अंगाला. ओढा आधी चालून आलो असतो तर शेतकऱ्याचे पैसे वाचले असते. धुळे-नंदुरबारकडे तर अशा भिंती मैलोन् मैल पसरल्यात, तिथे डाइकच्या कोणत्या बाजूला शेत आहे यावर घराची परिस्थिती ठरते.

‘खाली मोठा झरा आहे’ याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या एका वाक्यावर किती कर्जं झाली असतील याची गणती नाही. लोकांच्या मनात असं चित्र असतं की खडकाखाली कुठेतरी नदी किंवा तळं आहे, पोचलो की झालं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे संशोधनासाठी बोअर घेतला. ३३८ मीटर बेसाल्ट, म्हणजे आपला हाच लाव्हाचा खडक, मग काही मीटर गाळाचा पातळ थर, आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना पायाचा खडक. कोयनेच्या परिसरात संशोधनासाठी खोदलं तेव्हा नऊशे मीटरहून जास्त बेसाल्ट लागला, त्याखाली तोच पायाचा खडक. तळं कुठेच नाही. खोल गेल्यावर वरच्या खडकाचं ओझं वाढतं, भेगा आवळल्या जातात, झीज संपते. दोन-तीनशे फुटांच्या खाली पाणी लागतच नाही असं नाही, लागतं, आणि लागलेला माणूस गावभर सांगतो. न लागलेले दहा जण गप्प बसतात. शिवाय खोल भेगेतलं पाणी कित्येक वर्षांत जमा झालेलं असतं. गाडीच्या कॉम्प्रेसरने उडवलेलं तीन इंची पाणी बघून पेढे वाटले जातात, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तोच बोअर अर्धा तास चालून हवा ओढतो. भरणा होण्याआधी उपसा झाला, दुसरं काही नाही.

कायद्याचंही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याप्रमाणे ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या पलीकडची विहीर ‘खोल विहीर’ ठरते, आणि शेतीसाठी ती घ्यायला मनाई आहे. अंमलबजावणी कशी आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. पण ६० मीटर हा आकडा मला पटतो. आपल्या खडकात दरवर्षी भरणारी कोठी बहुतेक ठिकाणी तेवढ्यातच संपते.

मग त्या कोठीत मावतं किती? भूजलाचा हिशेब करताना झिजलेल्या, सांधे असलेल्या बेसाल्टसाठी साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे शंभर लिटरच्या भिजलेल्या खडकातून निथळून हाती येणारं पाणी दोन लिटर. वाळूच्या गाळात तोच आकडा सोळा टक्क्यांपर्यंत जातो. जळगावकडे तापीच्या गाळावर केळी उभी राहिली ती या फरकावर. तुमच्याकडे एका एकराखाली दहा मीटर जाडीचा भिजलेला थर धरला, तर पाणी झालं सुमारे आठ लाख लिटर. सहा एकरांत अठ्ठेचाळीस लाख. एक एकर उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर ऐंशी लाख लिटर. सहा एकरांची पूर्ण भरलेली कोठी एका एकर उसाला पुरत नाही! पावसाकडून बघा: ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी वीस लाख लिटर, त्यातलं खाली मुरणारं शंभरात दहा-बारा. वरच्या अंगाकडून झिरपून येतं त्यावर आपण तगतो. आणि ‘वरच्या अंगाकडून’ याचा अर्थ दुसऱ्या कुणाच्या तरी शेताखालून.

इथे तुमच्या जुन्या विहिरीबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण तुमच्या प्रश्नात ती बिचारी एका ओळीत उरकलीय. आपल्याकडच्या विहिरी एवढ्या रुंद का असतात, याचा कधी विचार केलाय? आपला खडक पाणी हळू सोडतो. दिवसभर उपसलं की रात्रभर पाझरून परत भरावं लागतं, आणि ते पाझरलेलं पाणी ठेवायला जागा हवी. २५ फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी चढलं की चौदा हजार लिटर होतात. साडेसहा इंची बोअर ३०० फूट काठोकाठ भरला तरी जेमतेम दोन हजार. विहिरीचा घेर हा खडकाचा संथपणा ओळखून काढलेला उपाय होता. तिच्यावरची पाळीही तशीच. भावकीत कुणी सोमवार-मंगळवार, कुणी बुधवार असे वार वाटून घ्यायचे, ते प्रेमापोटी नव्हे. रात्रभरात भरतं तेवढंच पाणी होतं, आणि ते दिसत होतं. कुणी जास्त उपसलं तर सगळ्यांना कळायचं.

१९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास कठीण दगड फोडणारी हवेवरची यंत्रं गावोगाव आली, तेव्हा ती पिण्याच्या पाण्यासाठी होती, आणि त्या कामाने असंख्य गावं वाचवली. हातपंपातही आपल्या मातीचा वाटा आहे: जगभर गेलेला ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप सोलापूर पंपावरून बेतलेला. पण पुढे सबमर्सिबल मोटर आली आणि तेच भोक शेतीसाठी वापरलं जाऊ लागलं. पाणी दिसेनासं झालं, पाळी मोडली. तुमची विहीर फेब्रुवारीत आटायला लागली ते वर्ष आणि शेजारच्या बोअरचं वर्ष कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा. त्याचा बोअर वरच्या पन्नास-साठ फुटांत केसिंगने, म्हणजे आत बसवलेल्या पाइपने, नीट बंद केलेला नसेल, तर तो तुमच्या विहिरीचंच पाणी खालून नेत असण्याची शक्यता आहे. लगेच भांडायला जाऊ नका, आधी मोजा. त्याची मोटर चालू असताना आणि आठ तास बंद असताना तुमच्या विहिरीची पातळी दोरीने मोजायची, एवढंच.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो.

आधी विहीर पूर्ण उपसून आत उतरलो असतो. पाझर कोणत्या बाजूने येतोय, किती फुटांवर, कोणत्या खडकातून, हे डोळ्यांनी पाहायचं. मग मोटर बंद करून दर तासाला पाणी किती इंच चढतं ते लिहायचं, सकाळपर्यंत. हे आकडे हातात असले तर मशीनवाल्याची निम्मी कामगिरी तुमची तुम्हीच केलेली असते. तळाला अजून मुरूम किंवा मांजऱ्या असेल तर आणखी दहा फूट खोदाई फायद्याची. तळाला घट्ट काळा पाषाण असेल तर सुरुंगावर एक रुपया घालवू नका. त्यापेक्षा जिथे पाझर दिसतो त्या सांध्यातून, चढाच्या बाजूला, आडवे बोअर घ्या. ते पाण्याच्या थरातून आडवे धावतात, उभा बोअर त्याच थराला एका ठिपक्यात छेदून निघून जातो. हा उपाय हमखास नाही. सांधा कोरडा असेल तर आडवा बोअरही कोरडाच. पण खर्च कितीतरी कमी, आणि आधी डोळ्यांनी बघून घेतलेला.

पाणाड्या आणि मशीन यांबद्दल माझं मत कुणालाच आवडत नाही. काडी किंवा नारळाला पाणी कळत नाही. पण चाळीस वर्षं तोच तालुका फिरलेल्या म्हाताऱ्या पाणाड्याला ओढ्याचं वळण, उंबराची रांग, जुन्या विहिरींची खोली हे सगळं पाठ असतं, आणि त्याचा हात नकळत तिकडे वळतो. मशीन जमिनीत वीज सोडून रोध मोजतं. वरचा झिजलेला थर किती जाड आहे हे ते चांगलं सांगतं, पण तीनशे फुटांखालची बोटभर भेग सांगत नाही. ते मशीन घेऊन जो ‘४६० फुटांवर तीन इंच’ असा नेमका आकडा देतो, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

भरण्याची बाजू. तुमच्या वरच्या अंगाला ओढा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तिथला बंधारा तुमच्या दहा बोअरांच्या तोडीचा, पण तो मुरूम-मांजऱ्यावर बसायला हवा. पाषाणावर बसला तर पाणी नुसतं उभं राहील आणि उन्हात उडेल. उलटही घडतं. एका पाझर तलावाबद्दल गावाची तक्रार होती की तो दिवाळीला रिकामा होतो, काम बोगस आहे. पाझर तलाव रिकामाच व्हायला हवा, तोच त्याचा धंदा! अडचण दुसरी निघाली. पाणी मुरत होतं तो थर पलीकडच्या खोऱ्यात उघडा पडत होता, आणि तलाव एका गावाचा, विहिरी भरल्या दुसऱ्या गावाच्या. खडकाला शिवार माहीत नसतं.

पावसाचं पाणी थेट विहिरीत सोडायचं असेल तर आधी खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून घ्या. गढूळ पाणी सोडलंत तर दोन-तीन वर्षांत सांधे गाळाने बुजतील. प्लॅस्टिकच्या शेततळ्याबद्दल मात्र सावध. पावसाचं वाहतं पाणी त्यात धरत असाल तर उत्तम. पण विहीर-बोअर उपसून तळं भरायचं म्हणजे थंड, झाकलेल्या कोठीतलं धान्य अंगणात पसरून ठेवण्यासारखं आहे. आपल्या पूर्वजांनी गडावर डोंगर कोरून खांबटाकी केली, पाण्यावर सावली राहावी म्हणून. आपण एप्रिलच्या उन्हात काळा कागद अंथरतो.

हे सगळं पारनेरच्या पठाराला धरून लिहिलंय. वाचणारे दुसरीकडचे असतील तर सरसकट लावू नका. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात खोल गाळ आहे, पाणीही आहे, पण खारं. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही जांभ्यातून तो धो धो निसटतो आणि मे महिन्यात टँकर येतो. गोंदिया-भंडाऱ्याकडे खडकच वेगळा, म्हणून तिथे मालगुजारी तलावांची परंपरा रुजली.

तुमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातच हिवरे बाजार आहे. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं गावाने ठरवलं, आणि पाऊस मोजून दरवर्षी पिकं ठरतात. पूर्ण गाव तुमच्या हातात नाही हे कबूल. शेजारी तर आहे ना? त्याचा बोअर आणि तुमची विहीर एकाच कोठीतून पीत असतील तर दोघांनी मिळून ओढ्यावर खर्च करणं स्वस्त पडेल. कांदा किती एकर लावायचा हे दोघांनी एकाच दिवशी बसून ठरवलं तर आणखी चांगलं.

आणि दोन्ही फेल बोअर बुजवू नका. तोंडाला झाकण मात्र आजच बसवा, लहान मुलांसाठी. ३२० फुटांचा बोअर वरच्या थराचं पाणी खाली गळत ठेवतोय का, हे कानाने कळतं: पावसाळ्यानंतर रात्री शांततेत झाकण काढून ऐका. आत पाणी ठिबकल्याचा आवाज आला, तर किती फुटांवरून येतोय ते दोरीला टॉर्च बांधून बघा. तो आकडा, विहिरीच्या तासातासाच्या नोंदी आणि शेजाऱ्याच्या जमिनीची पातळी, एवढं इथे लिहा. मग आडवा बोअर कोणत्या दिशेला घ्यायचा यावर बोलू.